रक्तप्रथिनांची साक्ष आणि समूहांची नावे : रिचर्ड लेवॉन्टिन यांच्या १९७२ च्या निबंधाची चिकित्सा

गोषवारा

रक्तातील प्रथिनांचे आनुवंशिक प्रकार वेगवेगळ्या मानवसमूहांत वेगवेगळ्या प्रमाणात आढळतात. या सामग्रीच्या आधारे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, मानवी वैविध्याचा फार मोठा वाटा समूहांच्या अंतर्गत असून वंशावंशांतील वाटा अत्यल्प आहे. प्रस्तुत लेखात या निबंधातील वर्गीकरण, सरासरीची पद्धत आणि मापनसाधने यांची चिकित्सा केली आहे. तसेच भारतीय अंतर्विवाही समाजाच्या संदर्भात त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत. निबंधाचा मुख्य निष्कर्ष टिकतो; परंतु त्याचा आधार घेऊन 'समूहाला काहीच अर्थ नाही' असे म्हणणे अथवा त्याला विरोध म्हणून 'रक्तावरून जात कळते' असे म्हणणे, या दोन्ही भूमिका सदोष आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : रक्तप्रथिने, आनुवंशिक चिन्हके, बहुरूपता, अंतर्विवाह, सिकलसेल

प्रस्तावना

'रक्ताचे नाते', 'रक्तात असणे', 'एकाच रक्ताचे' असे शब्दप्रयोग मराठीत सर्रास वापरले जातात. कुळ, जात आणि स्वभाव या तिन्हींचे मूळ रक्तात शोधण्याची आपली सवय जुनी आहे. विसाव्या शतकात रक्ताची प्रयोगशाळेत तपासणी होऊ लागली, तेव्हा या सवयीला शास्त्राचे पाठबळ मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मिळालेली साक्ष गुंतागुंतीची निघाली. ती साक्ष कशी वाचावी, हा प्रश्न केवळ जीवशास्त्राच्या अध्यापकांचा नाही. समाजशास्त्र, इतिहास व भूगोल शिकविणाऱ्यांनाही तो टाळता येत नाही. विदर्भात आणि खानदेशात तर तो सिकलसेल तपासणीच्या रूपाने महाविद्यालयाच्या आवारातच येऊन उभा राहतो.

या प्रश्नावरील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा निबंध म्हणजे लेवॉन्टिन यांचा 'द अपोर्शनमेंट ऑफ ह्यूमन डायव्हर्सिटी' हा होय. तो १९७२ मध्ये 'इव्होल्यूशनरी बायॉलॉजी' या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यातील एक टक्केवारी जगभर उद्धृत होते. मूळ निबंध मात्र क्वचित वाचला जातो. तो बारकाईने वाचल्यास मराठी वाचकाला त्यात एक अनपेक्षित गोष्ट सापडते. तिचा विचार पुढे यथास्थळी केला आहे.

पूर्वपीठिका

रक्ताच्या आधारे मानवसमूहांची तुलना करण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुडविक व हान्ना हिर्शफेल्ड या दांपत्याने केला. पहिल्या महायुद्धात सालोनिका येथे जमलेल्या अनेक देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासून त्यांनी १९१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. 'अ' घटक असलेल्यांच्या संख्येस 'ब' घटक असलेल्यांच्या संख्येने भागून त्यांनी एक निर्देशांक तयार केला. इंग्रज सैनिकांसाठी तो सुमारे ४.५, तर भारतीय सैनिकांसाठी सुमारे ०.५ आला. समूहासमूहांत रक्ताच्या दृष्टीने फरक असतो, हे यातून प्रथमच आकड्यांत दिसले. परंतु चारही रक्तगट दोन्ही समूहांत होते, ही तितकीच महत्त्वाची बाब त्या एका आकड्यामागे झाकली गेली.

पुढील टप्पा प्रथिनांचा होता. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्चच्या जेलमध्ये विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने रक्तरसातील प्रथिने वेगळी करण्याची पद्धत मांडली. प्रथिनावरील विद्युत्भार व त्याचा आकार यांनुसार ते जेलमध्ये कमीअधिक अंतर सरकते व पट्टे उमटतात. या पट्ट्यांवरून हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाचे तीन प्रकार स्पष्ट झाले. फुटलेल्या तांबड्या पेशींतून बाहेर पडणारे हिमोग्लोबिन बांधून ठेवणे, हे या प्रथिनाचे काम आहे. तीन प्रकारांमागे एकाच जनुकाची दोन रूपे आहेत, हेही लवकरच सिद्ध झाले. त्यानंतर ट्रान्सफेरिन, जीसी आणि तांबड्या पेशींतील अनेक विकरे यांचे आनुवंशिक प्रकार सापडत गेले. १९६६ मध्ये हॅरी हॅरिस यांनी मानवी विकरांवर, तर लेवॉन्टिन व हबी यांनी फळमाशीवर केलेल्या अभ्यासातून जनुकांची बहुरूपता हा अपवाद नसून नियम आहे, हे पुढे आले.

निबंधाची मांडणी

लेवॉन्टिन यांनी १७ जनुकांची माहिती एकत्र केली. त्यांत एबीओ, आरएच, एमएनएस, डफी, केल, किड इत्यादी रक्तगट होते. तसेच हॅप्टोग्लोबिन, लायपोप्रथिने व काही विकरे होती. जगातील समूहांची त्यांनी सात 'वंशां'त विभागणी केली आणि एकूण वैविध्य तीन पातळ्यांवर वाटले. ८५.४ टक्के वैविध्य प्रत्येक समूहाच्या आत, ८.३ टक्के एकाच वंशातील समूहांमध्ये आणि केवळ ६.३ टक्के वंशावंशांमध्ये, असे उत्तर आले. वांशिक वर्गीकरणाला आनुवंशिकीय आधार जवळपास नाही आणि सामाजिकदृष्ट्या ते घातक आहे, अशा निःसंदिग्ध भूमिकेने निबंधाचा शेवट होतो.

या टक्केवारीचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हॅप्टोग्लोबिनच्या पहिल्या रूपाचे प्रमाण युरोपात सुमारे ०.४ आहे, तर भारतात ते बहुधा ०.१ ते ०.२ इतके कमी आढळते. भारतासाठी ०.१५ धरू. यादृच्छिकपणे घेतलेली दोन जनुके वेगळी असण्याची शक्यता युरोपात ०.४८, भारतात ०.२५५ आणि दोहोंची सरासरी ०.३६७५ येते. दोन्ही समूह समप्रमाणात एकत्र केल्यास हीच शक्यता सुमारे ०.३९९ होते. म्हणजे एकूण वैविध्याचा सुमारे ९२ टक्के वाटा समूहांच्या आतच आहे. लेवॉन्टिन यांनी वापरलेले माप वेगळे असले तरी तर्क हाच आहे. प्रमाणात अडीच पटींहून अधिक फरक असूनही समूहांमधला वाटा किती लहान राहतो, हे यातून दिसते.

हा निष्कर्ष पुढे डीएनएच्या पातळीवरही टिकला. रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५२ समूहांतील १,०५६ व्यक्तींच्या ३७७ चिन्हकांचा अभ्यास केला. त्यात समूहांतर्गत वाटा ९३ ते ९५ टक्के आढळला.

यादीतील 'मराठा'

निबंधाच्या मध्यवर्ती युक्तिवादाला बाध न आणताही त्याच्या पायाविषयी प्रश्न विचारता येतात. पहिला प्रश्न वर्गीकरणाचा आहे. सात वंशांच्या यादीत 'हिंदी भाषक भारतीय' व 'उर्दू भाषक पाकिस्तानी' हे इंग्रज, स्वीडिश, बास्क यांच्यासोबत 'कॉकेशियन' वंशात ठेवले आहेत. 'मराठा', 'तमिळ' व 'नायर' हे मात्र अंदमानी, ओंगे, चेंचू, इरुला, तोडा व उरांव यांच्यासोबत 'दक्षिण आशियाई आदिवासी' या वंशात आढळतात. विदर्भाच्या सीमेवर हिंदी जेथे थांबते आणि मराठी जेथे सुरू होते, तेथे एक वंश संपून दुसरा सुरू होतो, असा या विभागणीचा अर्थ होतो. ज्याने त्या सीमेवरील एखाद्या गावचा आठवडी बाजार पाहिला आहे, त्याला यावर भाष्य करण्याची गरज नाही.

येथे लेवॉन्टिन यांच्यावर अन्याय होता कामा नये. वंशांची ही विभागणी त्यांची श्रद्धा नव्हती. प्रतिपक्षाची भाषा गृहीत धरून ती आतून पोकळ असल्याचे त्यांना दाखवायचे होते. तथापि ६.३ टक्के हा आकडा या विभागणीवर अवलंबून आहे. समूह एका खान्यातून दुसऱ्या खान्यात हलविला की दुसरी व तिसरी टक्केवारी बदलते. समूहांतर्गत वाटा मात्र बदलत नाही. म्हणून ८५.४ या आकड्यावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका उरलेल्या दोन आकड्यांच्या परस्पर वाटणीवर ठेवता येत नाही. निबंध उद्धृत करणारे बहुतेक लेखक हा भेद करीत नाहीत.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. 'मराठा' हा एक समूह आणि ओंगे हाही एक समूह, अशी नोंद शेजारी शेजारी येते. एकाची संख्या कोटींत, तर दुसऱ्याची आज शंभराच्या आसपास. एक समूह शतकानुशतके अनेक घराणी व प्रदेश सामावत वाढलेला, तर दुसरा बेटावर एकाकी राहिलेला. नाव एकवचनी असले म्हणून त्यामागील जैविक घटक एकजिनसी ठरत नाही.

सरासरीची मर्यादा

तिसरा प्रश्न सरासरीचा आहे. १७ जनुकांची सरासरी काढताना प्रत्येक जनुकाचा स्वतंत्र इतिहास पुसला जातो. या सतरांपैकी डफी या रक्तगटाच्या बाबतीत समूहांमधील फरक सर्वाधिक होता. डफी हे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन आहे. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक सर्व लोकांच्या तांबड्या पेशींवर ते नसते; युरोपात ते जवळपास सर्वांमध्ये असते. 'व्हायवॅक्स' हिवतापाचा परजीवी याच प्रथिनाच्या द्वारे पेशीत शिरतो, हे १९७६ मध्ये मिलर व सहकाऱ्यांनी दाखविले. प्रथिन का नसते याचे कारण १९९५ मध्ये कळले. जनुकाच्या नियंत्रक भागातील एका अक्षराच्या बदलामुळे ते केवळ तांबड्या पेशींत तयार होत नाही. येथे नैसर्गिक निवडीने काम केले आहे. याउलट पुष्कळ चिन्हकांच्या बाबतीत समूहांमधील फरक हा केवळ यदृच्छेचा व अंतराचा परिणाम असू शकतो. दोन्हींची सरासरी काढणे गणिताच्या दृष्टीने शक्य आहे. परंतु त्या सरासरीवरून एखाद्या विशिष्ट प्रथिनाविषयी काहीही सांगता येत नाही. डफीवरून 'वंश' सिद्ध होत नाही आणि ८५.४ टक्क्यांवरून डफीचा फरक खोटा ठरत नाही.

हॅप्टोग्लोबिनची कथाही बोधप्रद आहे. त्याचे दुसरे रूप जनुकाच्या एका भागाची पुनरावृत्ती होऊन निर्माण झाले, हे १९६२ मध्ये स्पष्ट झाले होते. मात्र हा पुनरावृत्त भाग गळून पहिले रूप पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे तयार झाले आहे, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे जेलमधील समान पट्टा हा समान वंशावळीचा पुरावा असेलच असे नाही.

एडवर्ड्स यांचा आक्षेप

केंब्रिजचे संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये लेवॉन्टिन यांच्या युक्तिवादात तर्कदोष असल्याचे म्हटले. त्यांचा मुद्दा असा की, प्रत्येक चिन्हक सुटे पाहिले तर फरक अल्प दिसतो. परंतु अनेक चिन्हके एकत्र पाहिली की व्यक्ती कोणत्या समूहातील आहे हे अचूक ओळखता येते. समजा, एका रूपाचे प्रमाण एका समूहात ०.३ व दुसऱ्यात ०.७ आहे. त्या एकाच जनुकावरून समूह ओळखल्यास ३० टक्के वेळा चूक होईल. अशी तीन स्वतंत्र जनुके घेऊन बहुमताने निर्णय केल्यास चूक २१.६ टक्क्यांवर येते. जनुकांची संख्या वाढवीत गेल्यास ती नगण्य होते.

हा आक्षेप गणिताच्या दृष्टीने बिनतोड आहे. परंतु त्यातून काय सिद्ध होते, हे काळजीपूर्वक पाहावे लागते. अनेक चिन्हकांवरून समूह ओळखणे हा एक प्रश्न आहे. समूहावरून एखाद्या व्यक्तीचे एखादे चिन्हक ओळखणे हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर जनुकांची संख्या वाढवून सुधारता येते. दुसऱ्याचे येत नाही. वरील उदाहरणात समूह निःसंशय कळला तरी त्या व्यक्तीतील एका जनुकाविषयी आपले अनुमान ३० टक्के वेळा चुकणारच. समाजात जातिनामाचा वापर नेमका या दुसऱ्या प्रश्नासाठी होतो. नाव ऐकून गुण, दोष अथवा रोग गृहीत धरला जातो. या वापराला एडवर्ड्स यांच्या गणिताचा आधार मिळत नाही.

शिवाय चिन्हकांवरून जिल्हा, बेट किंवा खोरे यांनुसारही माणसे गटांत लावता येतात. वर्गीकरण करता येते म्हणून त्यातील प्रत्येक रेषा निसर्गाने आखलेली ठरत नाही.

अंतर्विवाहाचा थर

लेवॉन्टिन यांच्या तीन पातळ्यांत भारतीय समाजाचा एक महत्त्वाचा थर बसत नाही. तो म्हणजे अंतर्विवाही पोटजात. इरावती कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक दर्जा एक आणि सामूहिक नावही एक असूनही हे गट परस्परांपासून भिन्न आढळले. एका मूळ जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या, या समजुतीऐवजी वेगवेगळे गट एका नावाखाली एकत्र आले असावेत, ही कर्वे यांची भूमिका या संदर्भात महत्त्वाची ठरते. लेवॉन्टिन यांच्या निबंधापूर्वी चार वर्षे पुण्यातून पुढे आलेला हा विचार त्यांच्या यादीतील एकवचनी नावांना दिलेले उत्तरच होय.

अंतर्विवाहाचा परिणाम प्रथिनांत कसा दिसतो याचे ठळक उदाहरण वैश्य समाजाचे आहे. ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे रक्तद्रवातील विकर शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलिन या औषधाचे विघटन करते. आंध्र व तेलंगणातील वैश्य समाजात या विकराचा अभाव इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. त्यामागे बहुतांशी एकच उत्परिवर्तन आहे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेला व शतकानुशतके आपसांतच विवाह करणारा गट असला की असे घडते. यात श्रेष्ठ-कनिष्ठतेचा संबंध नाही. मात्र भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या समाजाची चौकशी करणे येथे रास्त आहे. 'समूहाला काहीच अर्थ नाही' असे सरसकट म्हणणाऱ्यास या रुग्णाविषयी उत्तर देता येणार नाही.

साधन आणि साध्य

समूहांतील फरक वाचताना साधनाचा दोष कसा घुसतो, याचे अलीकडचे उदाहरण जीसी या प्रथिनाचे आहे. हे प्रथिन म्हणजेच ड जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन, हे १९७५ मध्ये कळले. त्याचे एक रूप आफ्रिकी वंशाच्या लोकांत अधिक, तर दुसरे युरोपीयांत अधिक आढळते. २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील एका अभ्यासात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या रक्तात या प्रथिनाचे प्रमाणच कमी असल्याचे म्हटले होते. परंतु वापरलेले प्रतिपिंड त्यांच्यात अधिक आढळणाऱ्या रूपाला नीट चिकटत नव्हते. २०१५-१६ मध्ये अन्य पद्धतींनी मोजणी झाली, तेव्हा तो मोठा फरक नाहीसा झाला. फरक होता तो प्रथिनाच्या रूपात. प्रमाणातील फरक साधनाने निर्माण केला होता. लेवॉन्टिन यांची सामग्रीही जेल व प्रतिपिंडे यांच्या पकडीत सापडेल तेवढ्याच भेदांची होती, हे विसरता येत नाही.

आपल्या परिसरातील प्रश्न

या चर्चेची कसोटी सिकलसेलच्या बाबतीत लागते. हिमोग्लोबिनमधील एका अमिनो आम्लाच्या बदलाने हा विकार होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत केली. लेहमन यांनी ते एका प्राचीन वंशाचे चिन्ह मानले आणि ते आशियातून आफ्रिकेत गेले असावे असा तर्क केला. पुढे जनुकाभोवतीच्या डीएनएच्या अभ्यासातून अरब-भारतीय रचना आफ्रिकेतील रचनांहून वेगळी असल्याचे १९८० च्या दशकात दिसले. हिवतापाच्या प्रदेशात वाहकांना संरक्षण मिळते, हे अॅलिसन यांनी १९५४ मध्येच दाखविले होते. अर्थात हे चिन्हक 'वंश' सांगत नाही. ते प्रामुख्याने हिवतापाचा भूगोल आणि विवाहाची मर्यादा सांगते.

नंदुरबार, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत हे जनुक आढळते. तरीही 'तो अमक्यांचा आजार' हे वाक्य वर्गात, वसतिगृहात आणि विवाह जुळविताना सहज उच्चारले जाते. त्याचे दुहेरी नुकसान होते. ज्यांचे नाव घेतले जाते त्यांतील निरोगी मुलीलाही तपासणीचा कागद लपवावासा वाटतो. ज्यांचे नाव घेतले जात नाही त्यांतील वाहक तपासणीला येतच नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि हे गणित आडनाव पाहत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात ० ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. ते साधण्यासाठी रक्ताच्या नमुन्याइतकीच समजुतीची तपासणी आवश्यक आहे आणि ती अध्यापकांच्या कक्षेतील आहे.

निष्कर्ष

१. मानवी वैविध्याचा बहुतांश वाटा समूहांच्या अंतर्गत आहे, हा लेवॉन्टिन यांचा निष्कर्ष पाच दशकांनंतरही टिकून आहे.

२. वंशांमधील व वंशांतर्गत वाटणीचे त्यांचे आकडे त्यांनी स्वीकारलेल्या यादीवर अवलंबून आहेत. 'मराठा' व 'हिंदी भाषक' यांची विभागणी त्या यादीचा कच्चेपणा दाखविते.

३. सरासरीवरून एखाद्या प्रथिनाविषयी आणि एका प्रथिनावरून एखाद्या समूहाविषयी निर्णय करणे, दोन्ही अयोग्य आहे.

४. भारतात अंतर्विवाहामुळे काही प्रथिनांचे दुर्मीळ प्रकार विशिष्ट गटांत साचले आहेत. तेथे समूहाचे नाव तपासणीची दिशा सुचवू शकते. तपासणीची जागा मात्र घेऊ शकत नाही.

लेवॉन्टिन २०२१ मध्ये निवर्तले. त्यांचा निबंध आजही शिकविला जावा, परंतु केवळ एका टक्केवारीसाठी नव्हे. त्यातील यादीही विद्यार्थ्यांसमोर ठेवावी आणि आपले नाव कोणत्या खान्यात, कोणी व का टाकले, हे त्यांना विचारू द्यावे. रक्त तपासण्याआधी नावे तपासण्याची सवय लागली, तर या निबंधाचा हेतू त्याच्या उणिवांसह सफल झाला असे म्हणता येईल.